वाडीखालची जमीन

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले क्षेत्रफळाने सर्वांत मोठे दोन तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याचा डोंगराळ, जंगलाचा, आदिवासी वस्तीचा भाग मुख्यतः या दोन तालुक्यांत उरला. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडमधली काही गावे मोडतात. कुणबी आणि आगरी शेतकऱ्यांच्या गावांभोवती ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी यांचे पाडे आणि वाड्या आहेत. सरकारी यादीत या चारही समाजांची नोंद 'अनुसूचित जमाती' अशी एकच आहे. गावगाड्यात मात्र त्यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि सर्वांत खालच्या पायरीवर कातकरी आहे.

हा फरक पाहायला कुणाच्या घरात शिरावे लागत नाही. ठाकरांची वाडी बहुधा त्यांच्याच भातखाचरांच्या वरच्या अंगाला असते. मागे नाचणी-वरीचा वरकस उतार, पुढे खाचर, दारात गुरे. कातकरीवाडी ओढ्याच्या काठी किंवा माळाच्या कडेला असते आणि घरांखालची जमीन बहुतेक वेळा खातेदाराची किंवा वनखात्याची असते. तीन पिढ्या ज्या ओट्यावर राहिल्या, त्या ओट्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. कातकऱ्यांच्या बाकीच्या सगळ्या अडचणींचा माग काढत गेले की शेवटी पाय याच ओट्याशी येऊन थांबतात.

कातकऱ्यांबद्दल दोन्ही तालुक्यांत एक ठरलेले बोलणे ऐकू येते. हे लोक एका जागी राहत नाहीत, हातात आलेला पैसा ठेवत नाहीत, मुलांना शाळेत पाठवत नाहीत. त्यांचा स्वभावच तसा. शिक्षक, तलाठी, बागायतदार, कधी कधी शेजारचा ठाकूरही हेच सांगतो. याला संस्कृतीचे नाव देऊन विषय मिटवला जातो. या बोलण्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. कातकऱ्यांचे हिंडणे त्यांच्या रक्तातून आलेले नाही. त्याला तारखा आहेत, कायदे आहेत आणि हिशेबाच्या वह्या आहेत.

कातकरी किंवा काथोडी हे नाव कात काढण्याच्या धंद्यावरून आले. खैराच्या झाडाच्या गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळून, तो काढा आटवून, घट्ट करून काताच्या वड्या पाडत. खैर असेल तिथे काही महिने मुक्काम आणि मग पुढचे रान, असा हा धंदा होता. त्यात फिरणे होते, पण ते जंगलावरच्या वापराच्या हक्कासकट होते. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि खैर तोडणे गुन्हा ठरले. ठाणे जिल्ह्यातल्या कुणब्यांच्या राबावरही, म्हणजे पेरणीआधी शेतात फांद्या-पाला जाळण्यावरही, तेव्हा बंधने आली. त्यावरून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. कुणब्यांमागे जमीनदार आणि वकील उभे होते, कातकऱ्यांमागे कुणी नव्हते. धंदा गेला, नाव राहिले. पुढे बरेच कातकरी ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर गेले. जंगल पातळ झाले, लाकडी कोळशाचा धंदा आटला, तेव्हा विटांच्या भट्ट्या त्यांची वाट पाहत होत्या.

जमीन वाटली गेली त्या काळातही कातकरी बाहेरच राहिले. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कोकणात आणि ठाण्यात हजारो कुळांना जमिनीचे मालक केले. त्यासाठी कागदावर कूळ म्हणून नोंद लागे. कुणब्यांची आणि काही ठाकूर, महादेव कोळी कुटुंबांची ती होती. कातकरी सालदार किंवा हंगामी मजूर होता. पेरणाऱ्याच्या रकान्यात त्याचे नाव लागलेच नव्हते. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४-७५ मध्ये कायदे झाले. तेही ज्याच्याकडे कधीकाळी जमीन होती त्याच्याच उपयोगाचे होते. समतेसाठी केलेल्या या कायद्यांनी आदिवासींमधलेच अंतर वाढवले. ज्यांच्याकडे थोडे होते त्यांना आधार मिळाला आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते एक पायरी आणखी मागे पडले.

जमीन नसलेल्या घराचे वर्ष कसे जाते ते पाहिल्यावर 'स्वभावा'चा उलगडा होतो. पावसाळ्यात लावणी, बेणणी यांची मजुरी मिळते. ओढ्यात मासे, खेकडे मिळतात, रानात कंद आणि भाज्या. भाताची कापणी झाली की कामही संपते आणि साठाही, कारण साठवण्याइतके आपले म्हणून काही पिकलेलेच नसते. नेमक्या याच वेळी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, भट्टीमालकाचा माणूस वाडीवर येतो आणि बयाणा देतो. त्या पैशांत दुकानाची उधारी फिटते, आजारी माणसाला दवाखान्यात नेता येते, एखादे लग्न होते. मग नवरा-बायकोची जोडी मुलाबाळांसह, कोंबड्या आणि भांडी टेम्पोत घालून भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलकडच्या नाहीतर तालुक्यातल्याच भट्टीवर जाते. तिथे गवताची किंवा कच्च्या विटांची बुटकी खोपटी उभी राहते, तिला भोंगा म्हणतात.

भट्टीवरचे काम पहाटेच्या अंधारात सुरू होते. माती भिजवून तुडवायची, चिखल साच्यात भरून वीट थापायची, सुकायला मांडायची, उलटायची, रचायची. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि जोडीने मिळते, म्हणजे बाईच्या श्रमाचा आकडा वेगळा कुठेच लिहिला जात नाही. सुकत घातलेल्या विटा पलटणाऱ्या पोरांचा तर नाहीच. बाजाराच्या दिवशी आठवड्याची खर्ची मिळते, ती तेल, मीठ, तांदळात जाते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. मालकाच्या वहीत एका बाजूला बयाणा आणि खर्ची, दुसऱ्या बाजूला थापलेल्या विटा. अवकाळी पावसात भिजून गेलेल्या विटांचे नुकसान अनेकदा मजुराच्याच माथी येते. बाकी निघाली तर ती पुढच्या हंगामावर जाते आणि पुढचा हंगाम त्याच मालकाकडे काढावा लागतो.

या व्यवहाराला ठाणे जिल्ह्यात जुना वारसा आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्याला इथे लग्नगडी म्हणत. ७ जानेवारी १९४५ रोजी शेजारच्या कल्याण तालुक्यात टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्यानंतर उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी लग्नगडी आणि वेठ या दोन्ही गोष्टी मोडून काढल्या. गोदावरी परुळेकरांनी तो लढा पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला. १९८२ मध्ये वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली आणि त्या कायद्याखाली मजूर सोडवून घेतले. त्याच प्रवाहातल्या विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. १९८२ मध्येच एशियाड बांधकामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत, परिस्थितीच्या रेट्याने करावे लागणारे काम हीसुद्धा वेठच आहे. हा निकष भट्टीच्या वहीला लावला तर अनेक वह्या गुन्ह्याचा पुरावा ठरतील.

मग बयाणा घ्यावाच का, असे विचारले जाते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये, देशाच्या कितीतरी आधी केला. पण हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, बँकेत जमा होते. बयाणा कामाआधी हातात पडतो. घरात दाणा नसलेल्या माणसाला दर किती यापेक्षा पैसा कधी मिळणार हे जास्त मोलाचे असते. उधळेपणाचा ठपका ज्याच्यावर येतो तो प्रत्यक्षात उपासमार टाळण्यासाठी पुढचे सहा महिने विकत असतो.

शाळेचे उत्तरही इथेच सापडते. मूल पहिल्या सत्रात जिल्हा परिषदेच्या शाळेत बसते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाही. आले तरी घरी काथोडी बोलणाऱ्या त्या मुलाला पुस्तकातली मराठी नवखी असते, आणि त्याची बोली म्हणजे बिघडलेली मराठी असे समजणारा वर्ग त्याला गप्प करतो.

कागदाची अडचण त्याहून खोल आहे. जमातीचा दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद. आजोबा शाळेत गेले नव्हते, जमीन नव्हती, जन्म भोंग्यात झाला. पडताळणी कडक झाली ती खोट्या दाव्यांमुळे. नावांच्या सारखेपणाचा फायदा घेऊन इतरांनी ठाकूर, महादेव कोळी म्हणून राखीव जागा मिळवल्या आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाननी समित्यांची पद्धत घालून दिली. ती आवश्यकच होती. तिचा जाच मात्र ज्याच्या आदिवासी असण्याबद्दल गावात कुणालाही शंका नाही, त्याच कातकऱ्याला सर्वांत जास्त होतो. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीनच जमाती विशेष असुरक्षित गणल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्या यादीतला माणूस आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी तहसीलच्या फेऱ्या मारतो.

संस्कृतीला मात्र अलीकडे भाव आला आहे. आदिवासी महोत्सवांत तारपा वाजतो, भिंतींवर वारली चित्रे येतात, पावसाळ्यात रानभाज्यांची प्रदर्शने भरतात. यात वाईट काही नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतून वर येणारे शेवळ ओळखणे, त्याचा खाजरा भाग काढणे, खाज मारण्यासाठी काकडाची आंबट फळे घालून ते शिजवणे हे खरे ज्ञान आहे. पहाटेच्या कसारा लोकलने कल्याणला शेवळाच्या जुड्या नेणारी बाई ते ज्ञान डोक्यावर वाहून नेत असते. ती ज्या रानातून शेवळ खुडते तिथे तिचा हक्क काय, हा प्रश्न महोत्सवात निघत नाही. नाच, चित्र, भाजी दाखवता येतात म्हणून त्यांचे कौतुक होते. उंदरांची बिळे खणून भात काढणे, हेही त्याच माणसांचे कौशल्य, पण त्याची किळस केली जाते.

विषमतेची आणखी एक घडी दोन्ही तालुक्यांनाच पडली आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा आणि नंतरचे भातसा ही धरणे शहापूरची. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा भाग एकट्या भातशाचा. त्याच शहापुरात एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. मुरबाडमध्ये महानगरासाठी काळू नदीवर धरणाचे काम वनखात्याच्या परवानगीआधीच सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनात शहापूरच्या खातेदारांना मोठ्या रकमा मिळाल्या. भरपाई सातबाऱ्यावर मिळते. त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्याचे काम गेले, पण भरपाईच्या हिशेबात तो कुठे धरलेला नव्हता. जमिनीचे भाव चढले, शेतघरांची कुंपणे आली, आणि ज्या खातेदाराने कातकरीवाडीकडे आजवर काणाडोळा केला होता त्याला ती जागा मोकळी हवीशी वाटू लागली.

१५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली पंतप्रधान जनमन योजना कातकऱ्यांसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठीच आहे आणि तिच्यात पक्क्या घरांसाठी पैसा आहे. घर बांधायला मात्र स्वतःची जागा लागते. मार्ग कायद्यातच आहेत. वनजमिनीवरच्या वाडीसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. तो १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कसणुकीबरोबर राहत्या जागेचाही हक्क मानतो, आणि अशा जमातींच्या अधिवासाचा सामूहिक हक्कसुद्धा. खाजगी जमिनीवरच्या वाडीसाठी कुळकायद्यात शेतमजुराच्या राहत्या घराला संरक्षण देणारी कलमे आहेत, आणि महसूल संहितेखाली जिल्हाधिकारी गावठाण वाढवू शकतात. त्यासाठी वाडीची मोजणी, ग्रामसभेचा ठराव आणि महसूल व वन या दोन खात्यांची एकत्र बैठक लागते. मोजणी पावसाळ्यात करावी लागेल, कारण दिवाळीनंतर वाडीत म्हातारी माणसेच राहतात आणि दाव्यावर अंगठा उमटवणारे हात भट्टीवर गेलेले असतात.