वैश्वानराला न पचणारा घास



आजचा श्लोक गीतेच्या पंधराव्या अध्यायातला चौदावा. बऱ्याच जणांना तो अर्थ कळण्याच्या आधीच पाठ झालेला असतो, कारण जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे. भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो आणि प्राण-अपानाच्या साथीने चार प्रकारचं अन्न पचवतो. चार प्रकार म्हणजे चावायचं, गिळायचं, चाटायचं आणि चोखायचं.

आपण हा श्लोक आपल्या ताटापुरता म्हणतो. पण भगवंत नुसतं 'माणसांच्या देहात' म्हणत नाहीत. गाईच्या पोटात तोच, पाखराच्या पोटातही तोच.

पॅसिफिक महासागरात होनोलुलूपासून दोन हजार किलोमीटरवर मिडवे नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे लेसान अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी लाखोंनी घरटी करतात. ख्रिस जॉर्डन या छायाचित्रकाराने २००९ मध्ये तिथल्या मेलेल्या पिल्लांचे फोटो काढले. पिसं उरलेली, हाडं उरलेली, आणि मधोमध जिथे पोट होतं तिथे बाटल्यांची झाकणं, लायटर, रंगीत तुकडे. त्यातला एकही तुकडा हलवलेला नाही, असं जॉर्डन सांगतात. इंटरनेटवर हे फोटो सहज सापडतात, पण जेवताना बघू नका.

हे तुकडे त्या पिल्लांनी शोधून खाल्लेले नाहीत. ते आईबापांनी भरवलेत. अल्बट्रॉसचं जोडपं पाळीपाळीने शेकडो मैल उडून पाण्यावरचं खाद्य टिपून आणतं, त्यात उडत्या माशांची अंडीही असतात. ही अंडी तरंगणाऱ्या वस्तूंना चिकटलेली असतात. पूर्वी ती वस्तू लाकडाचा ओंडका असायची, आता प्लास्टिकही असतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं आणि त्याला डायमिथाइल सल्फाइडचा वास येतो. याच वासाच्या मागावर काही समुद्रपक्षी लाखो वर्षं अन्न शोधत आलेत. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम बरोबरच चाललाय, इनपुट खोटं आलंय. जगातल्या सुमारे ९० टक्के समुद्रपक्ष्यांच्या पोटात प्लास्टिक गेलं असावं, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मांडला होता.

मग दोष कुणाचा? भरवणाऱ्या आईचा हेतू शुद्ध आहे, आणि तिच्याच हातून, म्हणजे चोचीतून, विष जातंय. हेतू शुद्ध असला की कर्म शुद्ध, असं आपण सहज म्हणून जातो. ते खरं आहे का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

सोलापुरात समुद्र नाही. इथून कोकणचा किनारा जवळ म्हणावा, तर आपलं पाणी तिकडे जातही नाही. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा, ती कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. आषाढीनंतर वाळवंटात पडलेली पिशवी नदीने नेलीच, तर त्या बाजूला नेणार. मिडवेला आपली पिशवी पोचणं कठीणच आहे, उगाच नाट्य नको. पण तिला एवढं लांब जायची गरजच पडत नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर गाय उभी असते.

गोग्रासाचंच बघा. पोळी, उरलेली भाजी, सणाला पुरणाचा नैवेद्य, सगळं कॅरीबॅगमध्ये घालून वर गाठ मारून ठेवलेलं. ठेवणारा हात जोडून जातो. गाय ओठांनी निवडून खात नाही. ती जिभेने ओढते, अर्धवट चावून गिळते आणि नंतर निवांत रवंथ करते. पिशवी धड पचत नाही, धड पुढे सरकत नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यात तिचा गोळा होत राहतो. काही गाईंच्या पोटातून शस्त्रक्रिया करून ३०-४० किलो प्लास्टिक निघालंय. पुट्टपर्थीच्या करुणा सोसायटीने २०१२ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेला. महाराष्ट्रात बंदी आली ती २०१८ मध्ये. बाजारात किती पाळली जाते ते तुम्ही रोज बघताच.

इथे मला अठराव्या अध्यायातला पंचविसावा श्लोक आठवतो. पुढे काय होईल, किती नुकसान होईल, कुणाची हिंसा होईल, आपली ताकद किती, हे न बघता मोहाने सुरू केलेलं कर्म भगवंत तामस म्हणतात. त्यात वाईट हेतूचा उल्लेख नाही! न बघणं एवढंच पुरेसं आहे. हे मला गीतेतल्या सगळ्यात कडक वाक्यांपैकी एक वाटतं. श्रद्धेने दिलेला घाससुद्धा या व्याख्येत बसू शकतो.

कुणी म्हणेल, मग ती अल्बट्रॉस आईसुद्धा तामस का? ती तरी कुठे बघते? मला ते पटत नाही. तिच्याकडे बघायला तेवढंच साधन आहे, आणि ते तिने पूर्ण वापरलं. वास घेतला, नजर टाकली, शेकडो मैल उडाली. आपल्याला मात्र पिशवी आणि पोळी यांतला फरक लहानपणापासून माहीत आहे. गाठ सोडून पोळी तेवढी पुढे ठेवायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाची टाळाटाळ, बहुतेक यालाच इथे मोह म्हटलंय. मोह म्हटलं की आपल्याला सोनंनाणं आठवतं, बाकी काही नाही.

आणि देव पचवेल, असं म्हणणाऱ्यांनी आजचा श्लोक पुन्हा वाचावा. चार प्रकारचं अन्न पचवतो, असं त्याने सांगितलंय. पाचव्याचा शब्द त्याने दिलेला नाही.

उद्या पुढचा, पंधरावा श्लोक. सर्वांच्या हृदयात बसलेला तो, आणि स्मृती त्याच्यापासून, विस्मृतीही त्याच्यापासूनच. हा 'विस्मृतीही' मला बरेच दिवस अडवून बसलाय.