देहाचें कर्तव्य आणि मनाची अनिच्छा

शरीर निरोगी राखणें हें मनुष्याचें कर्तव्य आहे, असें आपण सर्वच म्हणतों. परंतु जें कर्तव्य मान्य आहे तें हातून घडत कां नाहीं, याचा विचार क्वचितच करितों. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं असें सांगितलें कीं, प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें तरी भरभर चालण्यासारखी हालचाल करावी, आणि मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें. हें फार नव्हे. तरी २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांतील जवळजवळ निम्मे प्रौढ लोक इतकेंही करीत नाहींत.

मग ह्या सर्वांस आळशी म्हणावें काय? आमचें मत तसें नाहीं. पाथर्डी तालुक्यांतून कोयता घेऊन ऊस तोडावयास जाणाऱ्या बहिणीस व्यायामाचा उपदेश करणें तर अन्यायच होय. तिला उणीव आहे ती विसाव्याची. उपदेश पाहिजे तो गादीवरल्या दुकानदारास, खुर्चीवरल्या कारकुनास, आणि खरें सांगावयाचें तर, हें लिहिणाऱ्या आम्हांसही.

डॉक्टरांनीं भय घातलें म्हणजे आम्ही आठ दिवस चालतों. शेजारी हंसले म्हणजे आणखी चार दिवस. पुढें वहाणा दाराशींच राहतात. भय व लाज हीं बाहेरून ढकलतात. ढकलणारा हात निघाला कीं गाडा थांबतो. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांचेंही म्हणणें असेंच आहे कीं, जें आपण स्वतः पत्करिलें, जें आपणांस साधतें, आणि ज्यांत सोबत्यांचा जिव्हाळा आहे, तें अधिक टिकतें.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार पाहा. १९९० नंतर तेथील लोकांनीं श्रमदानाचा नियम पत्करिला, आणि डोंगरउतारावर चर व बांध घातले. देह सुदृढ व्हावा म्हणून नव्हे, तर विहिरीस पाणी यावें म्हणून त्यांनीं फावडें उचललें. निवड त्यांची, काम आटोक्यांतलें, आणि शेजारी पाटी घेऊन उभा.

कोणी म्हणेल, ज्याला आवडीचा व सोबतीचा आधार लागतो तें कर्तव्य कसलें? आम्ही म्हणतों, बीं उत्तम असलें तरी भुई तयार करूनच पेरावें लागतें. त्यांत बियांचा कमीपणा नाहीं. कर्तव्य घडेल अशी सोय करणें हाही कर्तव्याचाच भाग होय.

यास्तव वाचकहो, शेजाऱ्यास आळशी म्हणूं नका. सायंकाळीं त्याच्या दारीं जाऊन, "चला, ओढ्यापर्यंत जाऊन येऊं," इतकेंच म्हणा. थोडी हालचालही अगदींच न करण्यापेक्षां बरी, असें त्या २०२० च्या नियमांतही आहे. आणि जो बोलावावयास जातो, त्याचें चालणें तर तेव्हांच सुरू झालेलें असतें.