फुटलेल्या पाट्या

आपल्या समाजाला विद्येची ओढ जुनीच आहे. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आपले पूर्वज मुंबईस आले, आणि 1875 साली हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या मुलांसाठी तेथे इस्रायली शाळा सुरू केली. पुढे आपल्यापैकी काही कुटुंबे विलायतेत स्थायिक झाली, तेव्हाही मुलांचे शिक्षण हीच आपली मोठी आशा होती. म्हणून विद्यापीठात गेलेला एखादा मुलगा वर्ष अर्धवट टाकून घरी परततो आणि खोलीचे दार लावून बसतो, तेव्हा त्या घरावर आकाश कोसळते. अशा मुलाविषयी किंवा मुलीविषयी आपले कर्तव्य काय, याचा विचार आज आपण करू या.

ज्या आजारात माणसाचे वास्तवाचे भान सुटते, त्याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या पाळतीवर आहे अशी खात्री वाटते. बहुधा विशीच्या आसपास, म्हणजे नेमक्या शिक्षणाच्या काळात, तो प्रथम दिसतो. औषधांनी आवाज व संशय पुष्कळांच्या बाबतीत कमी होतात आणि आपण म्हणतो, ‘चला, बरा झाला.’ पण तो पुस्तक उघडतो, आणि पान संपेपर्यंत वरचा मजकूर विसरलेला असतो. प्राध्यापकांचे बोलणे ऐकता ऐकता टिपणे घेणे जमत नाही. निबंधाची सुरुवात कोठून करावी हेच सुचत नाही. लक्ष, स्मरण, विचाराचा वेग आणि कामाची आखणी यांवर हा आजार आघात करतो, आणि हल्लीच्या औषधांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे आपण म्हणतो, ‘आळशी झाला.’ काही दिवसांनी तोही स्वतःला तेच म्हणू लागतो.

या दुखण्यावर येथे इलाज शोधला गेला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील टिल वाइक्स आणि क्लेअर रीडर यांनी विचारशक्तीच्या प्रशिक्षणाची ‘सर्किट्स’ नावाची पद्धत तयार केली. संगणकावर कामे दिली जातात, सोप्याकडून अवघडाकडे. पण खरा भर गुणांवर नसतो. आपले मन कोठे अडखळते हे ओळखावे आणि त्यावर युक्ती योजावी, हे शिकवले जाते. मोठे काम लहान तुकड्यांत करावे, लिहून ठेवावे, स्वतःशी मोठ्याने बोलावे, थकण्याआधी थांबावे. 2011 साली टिल वाइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 40 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत दोन हजारांवर रुग्ण होते. फायदा माफक, पण टिकाऊ दिसला. दैनंदिन जीवनात तो अधिक दिसला तो जेथे या प्रशिक्षणाला इतर पुनर्वसनाची जोड होती तेथे.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीतली गोष्ट आम्हांस अधिक विचार करण्यासारखी वाटली. पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या 377 जणांना तीत घेतले होते. काहींना गटात शिकवले, काहींना एकेकट्याला शिक्षकासोबत, काहींना बहुतांशी स्वतःच्या भरवशावर संगणकापुढे बसवले, आणि काहींना नेहमीचेच उपचार दिले. गटात किंवा शिक्षकासोबत शिकणाऱ्यांनी स्वतः ठरविलेली उद्दिष्टे अधिक गाठली. स्वतःच्या भरवशावर सोडलेल्यांना तसा फायदा दिसला नाही.

आपल्या परंपरेला यात नवल वाटू नये. तोरा एकट्याने शिकू नये, जोडीदारासोबत शिकावी, ही आपल्या गुरूंची शिकवण आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हात खचलेल्या भावाला आधार देण्याची आज्ञा आहे. त्यावर राशी गाढवावरच्या ओझ्याचा दाखला देतो. ओझे कलू लागले की एकटा माणूस ते सावरू शकतो. एकदा जमिनीवर पडले की पाच जणांनाही उचलत नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 2016 साली असाच नियम केला. पहिल्यांदा सायकोसिस झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे उपचार दोन आठवड्यांत सुरू व्हावेत, असे ठरले. तेव्हा एलियाहू हन्नाबीला नवस जरूर बोलावा, मलिदाही करावा. पण डॉक्टरांकडे जाणे त्यासाठी लांबवू नये.

येथे कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? जीव वाचला हेच पुष्कळ, आता शिक्षणाचा ताण कशाला? हे बोलणे मायेचे आहे, त्याला आम्ही हसणार नाही. ताणाने आजार उलटू शकतो, हेही खरे. पण वयाच्या एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सुटले की सोबती सुटतात, दिनक्रम सुटतो, उद्याची आशा सुटते. विसावा घेणे वेगळे आणि नाव कापणे वेगळे. आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा थांबत असे, म्हणून काही त्यांचा धंदा बुडाला नाही. विद्यापीठातून वर्षभराची रजा घेणारा विद्यार्थी विद्यार्थीच राहतो.

याच्या उलट टोकाचा प्रश्न अधिक कठीण आहे. प्रशिक्षण घेऊनही ज्याला पदवी जमली नाही, त्याचे काय? विचारशक्तीचे प्रशिक्षण ही माणसाने आमच्या आदरास पात्र ठरण्याची परीक्षा होऊ लागली, तर ते औषध नव्हे, दुसरे ओझे झाले. मोशे रब्बेनूंनी पहिल्या पाट्या फोडल्या, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्या तुकड्यांचे पुढे काय झाले? तालमूद सांगते की अखंड पाट्यांबरोबर फुटलेल्या पाट्याही कराराच्या कोशातच ठेवल्या होत्या. आणि हे कशावरून आठवले आहे? नाइलाजाने विद्या विसरलेल्या वृद्धाचा मान राखा, हे सांगताना. राशी त्या नाइलाजात आजाराचेही नाव घेतो. म्हणजे आजाराने ज्याची पाटी कोरी झाली, त्याची जागा गेली नाही. ती त्याला पुन्हा कमवावी लागत नाही. आम्ही मदत करावयाची ती त्याचीच इच्छा पुरी व्हावी म्हणून. आमची अब्रू राहावी म्हणून नव्हे.

आणि बदलावे केवळ त्यानेच असेही नाही. 2010 च्या समानता कायद्याने इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील विद्यापीठांवर अपंग विद्यार्थ्यांसाठी वाजवी सोयी करण्याचे बंधन आहे, आणि दीर्घकाळ चालणारा मानसिक आजारही त्यात येऊ शकतो. परीक्षेत जादा वेळ, व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण, निबंधास मुदतवाढ अशा त्या सोयी. पण मागितल्याशिवाय त्या मिळणे कठीण, आणि मागायचे तर आजाराचे नाव उच्चारावे लागते. तेथेच आपले पाऊल अडते. बहिणीचे लग्न व्हायचे आहे, सिनेगॉगमध्ये लोक काय म्हणतील, या धास्तीने आपण गप्प बसतो. ‘देवराई’ हा स्किझोफ्रेनियावरील मराठी चित्रपट 2004 साली आला, तो पाहून पुष्कळांचे डोळे पाणावले असतील. पडद्यावरच्या शेषासाठी रडणे सोपे. शेजारच्या घरी जाऊन बसणे कठीण.

योम किप्पूरला आपले वाडवडील दार फळणीचा सण म्हणत. त्या दिवशी दार लावायचे ते परमेश्वरापुढे उभे राहण्यासाठी. दुःख लपविण्यासाठी लावलेले दार तो सण नव्हे. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरी असे दार बंद असेल, तर या शब्बाथला ते वाजवावे. उपदेश करू नये, परीक्षेचे विचारू नये. हवे तर एक पान त्याच्यासोबत वाचावे, आणि तो विसरला तर पुन्हा वाचावे.