कृष्णाकाठचे पहिले

कृष्णेच्या महापुराने २००५, २०१९ आणि २०२१ साली भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात गाळ आणून टाकला. घरातला लोकांनी उपसला, रानातला तसाच राहिला. हजारो वर्षं हेच चाललं आहे. त्यात काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरचं खाली, खालचं वर होत राहतं. पलूस तालुक्यातल्या या मळीत पहिल्या माणसांच्या खुणा सहज दिसत नाहीत, म्हणून इथे कुणी नव्हतंच असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. अशा खुणा बहुधा सापडतात त्या नदीने स्वतःच काठ कापून दाखवला तिथे.

प्रवरेने तो नेवाशाला दाखवला. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात तिथे उत्खनन केलं. नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. कृष्णेच्याच खोऱ्यात, पण पुष्कळ खाली, कर्नाटकात हुणसगीजवळ इसामपूर आहे. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्यांनी तिथे चुनखडीची हत्यारं घडवण्याची अख्खी जागाच उजेडात आणली. तिचं वय सुमारे बारा लाख वर्षं मानलं जातं. मात्र हे कारागीर आपण नव्हे. होमो सेपियन्स आफ्रिकेत उदयाला आला तोच सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी. म्हणजे आपले पूर्वज दख्खनमध्ये उतरले तेव्हा इथे आधीचं कुणीतरी राहून गेलेलं होतं, कदाचित अजून राहतही होतं. पहिलेपणाचा मान आपल्या पूर्वजांकडेही धड जात नाही.

आणि ते आले तरी कसे? आपल्या डोळ्यांपुढे येतं ते स्वारीचं चित्र: कुणी म्होरक्या, मागे टोळी, समोर नवा मुलूख. इतिहास लढायांतून शिकल्याचा हा परिणाम असावा. शिकार करून, कंदमुळं खणून जगणाऱ्यांना कुठे पोचायचंच नसतं. पाणवठ्यावर माणसं वाढली की काही जण पुढच्या ओढ्याला सरकतात, एवढंच. एका पिढीत पंचवीस किलोमीटर सरकले तरी नर्मदा ते कृष्णा हे सहाशेएक किलोमीटर चोवीस पिढ्यांत सरतात. हिशेब ढोबळ आहे, पण पिढी पंचवीस वर्षांची धरली तर होणारी ही सहाशे वर्षं पुरातत्त्वाच्या मोजपट्टीवर दिसतसुद्धा नाहीत. त्यातल्या एकालाही आपण नव्या भूमीवर पाऊल ठेवतोय असं वाटलं नसणार.

भूमीही आजची नव्हती. एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटला गोकाकजवळ गेंड्याचे जीवाश्म सापडले. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. कवच हातात आलं आणि त्याचा दागिना करावासा वाटला, तो माणूस पोटामागेच धावत होता असं कसं म्हणायचं?

या सगळ्यात एक समज फार चिवट आहे: जो शिकारीवर जगला तो मूळचा, आदिम. फासेपारध्यांकडे असंच पाहिलं जातं, कधी कौतुकाने, बहुतेकदा संशयाने. पण त्यांची बोली गुजराती-राजस्थानी भाषांशी नातं सांगते. ते त्या बाजूने इकडे आले. तितर, लावे धरून ते गावाला विकत, म्हणजे त्यांची शिकार गावगाड्याला जोडलेला धंदा होता. त्यांना अश्मयुगाचा अवशेष ठरवणं म्हणजे त्यांचा स्वतःचा इतिहास नाकारणं. उलट हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की बहुतेक भारतीय समाज जुन्या वंशधारांच्या मिश्रणातून घडले आहेत. त्या पाणवठ्यावरच्या टोळ्यांचा वाटा द्राक्षबागायतदारात आहे, ऊसतोड मजुरात आहे, पारध्यातही आहे. कमीजास्त असेल, पण कुणालाही सातबारा म्हणून पुढे करता येईल असा नाही.

पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याची सुरुवात १८७१ची. तो गेला १९५२ साली. वीस वर्षांनी वन्यजीव कायद्याने शिकारीवरही बंधनं आली. कायदे बदलले तरी गावाच्या कडेला पालं पडली की चौकशी सुरू होते, हे मूळचे कुठले. पाटलाच्या वाड्यापुढे हा प्रश्न कुणी विचारत नाही.