न कळण्याची सोय

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही. वस्तुस्थितीचे अज्ञान मात्र पुष्कळदा चालून जाते. हा भेद आपणां सरकारी नोकरांस पाठ असतो, आणि खरे सांगावयाचे तर त्याच्या आश्रयाने अर्धीअधिक नोकरी निर्विघ्न पार पडते. पूल खचला, तर तशी सूचना आलेली नव्हती. वळणावर ट्रक उलटला, तर तसा अहवाल नव्हता. या सबबी नेहमीच खोट्या असतात असे नाही. परंतु वाहनालाच दृष्टी लाभली म्हणजे त्यांचे काय होणार, हा प्रश्न आम्हांस अलीकडे अस्वस्थ करतो.

जबलपुरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास नागपूर दूरचे नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दोन्ही नगरे एकाच राज्यात होती, आणि सुटीत गावी जाणारी आपली वाट आजही लखनादौन, सिवनी, खवासा अशीच उतरते. त्या नागपुरात २०२१ साली 'आयरास्ते' हा उपक्रम सुरू झाला. महानगरपालिका, केंद्रीय मार्ग संशोधन संस्था, हैदराबादची 'ट्रिपल आयटी' आणि इंटेल व महिंद्र या कंपन्या त्यात एकत्र आल्या. शहर बसगाड्यांच्या पुढच्या काचेमागे कॅमेरा बसविण्यात आला. पुढील वाहनाशी टक्कर होण्यास किती क्षण उरले, कोणी पादचारी आडवा येतो काय, हे तो अखंड पाहतो आणि चालकास वेळीच सावध करतो. आमच्या मते त्याचे खरे मोल या इशाऱ्याच्याही पुढे आहे. अनेक गाड्यांचे इशारे एकत्र मांडले, की नकाशावर काही जागा उठून दिसू लागतात. तेथे अपघात झालेला नसतो. पण तो थोडक्यात टळत असतो, पुनःपुन्हा टळत असतो. अशा जागांस 'ग्रे स्पॉट', म्हणजे करडी स्थळे, असे नाव आहे.

'ब्लॅक स्पॉट' हा शब्द आपल्या दप्तरांत जुना आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरांच्या तुकड्यात ३ वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसे मेली, म्हणजे ती जागा या पदवीस पात्र ठरते. ही व्याख्या कोणी निर्दयपणाने केली असे आम्ही म्हणत नाही. मोजण्यास दुसरे काही हाताशी नव्हते, म्हणून प्रेते मोजली. तथापि तिचा अर्थ एकदा स्वस्थपणे वाचून पाहावा. वळण सुधारावे, हा अर्ज माणसांनी आपल्या प्राणांनी करावयाचा, आणि तोही पुरेशा संख्येने! २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. करडे स्थळ एकदा कळले, की असा अर्ज मागण्याचा आपला अधिकार संपतो.

सहकार्य हा शब्द उद्घाटनाच्या भाषणांनी फार स्वस्त करून टाकला आहे. जर्मनीच्या मॅन कंपनीशी करार करून आपल्या जबलपुरात कित्येक वर्षे शक्तिमान ट्रक बनत होते. तेही सहकार्यच, पण देण्याघेण्याचे. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी आसनाचा तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला, तेव्हा कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखान्यांस वापरू दिले. धोक्याचे ज्ञान तर पट्ट्याहूनही सहज देता येते. तरी एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्याच्या दारात थबकते, हे आपण रोज पाहतो. पोलीस, बांधकाम, परिवहन आणि आरोग्य या खात्यांच्या अपघातनोंदी एकत्र आणणारी केंद्र सरकारची संगणकीय यंत्रणा प्रथम ज्या सहा राज्यांत आली, त्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही होती.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. अशा काही यंत्रणांत दुसरा कॅमेरा चालकाच्या तोंडाकडे वळलेला असतो. त्याची जांभई, त्याची ढळलेली नजर, सारे टिपले जाते. जीव वाचत असतील तर तेही आम्ही मान्य करू. पण ज्याच्या टेबलावर करड्या स्थळांची यादी सहा महिने पडून राहते, त्याच्या जांभईची नोंद कोण घेतो? पगाराने लहान त्या माणसावर एवढी पाळत, आणि ज्याच्या सहीने रस्ता बदलावयाचा तो निर्धास्त, ही वाटणी न्यायाची नव्हे.

यावर अनुभवी स्नेही म्हणतील, की यादी आली म्हणून पैसा येत नाही. खरे आहे. शंभर स्थळे कळतील आणि दहांपुरती तरतूद असेल. शिवाय गाय, हातगाडी आणि वरात यांच्या गर्दीत यंत्र सदोदित ओरडत राहील आणि चालक तिकडे कानाडोळा करू लागेल, हेही संभवते. परंतु निवड करावी लागणे निराळे आणि न पाहणे निराळे. उरलेली नव्वद स्थळे मागे का ठेवली याचे कारण लेखी द्यावे, त्याखाली हुद्दा असावा, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या कोणासही ती यादी वाचता यावी, एवढे तर फारशा खर्चावाचून होते. उद्या नागपूर-जबलपूर मार्गावरील मालट्रकांत असे कॅमेरे बसले, तर कुरईच्या घाटात टिपलेला इशारा सिवनीच्या किंवा जबलपूरच्या कचेरीत येऊन पोचेल. तेथे कदाचित आपल्यापैकीच कोणी बसलेला असेल. 'पाहिले' एवढा शेरा मारून तो कागद खाली धाडावयाचा की नाही, हे त्यास त्याच दिवशी ठरवावे लागेल.