लवचीकता कुणाच्या जिवावर?

‘नियमावर बोट ठेवून साइट चालत नाही, साहेब,’ हे आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरांना उठता-बसता ऐकावं लागतं. ते अगदीच खोटं नाही. काँक्रीटची २८ दिवसांची क्यूब टेस्ट नापास झाली म्हणून मी लगेच स्लॅब तोडायला लावत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्येच वाट दिली आहे: उभ्या कामातून किमान तीन कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, काढा, त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही कोअर ७५ च्या खाली गेला नाही, तर काँक्रीट पास. म्हणजे कोडलाही सूट मान्य आहे. पण ती मोजून, कागदावर, सहीनिशी.

अशा वेळी महाभारताच्या कर्णपर्वातल्या कौशिकाचा दाखला हमखास दिला जातो. सत्यव्रती कौशिकाने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा खराखरा सांगितला. माणसं मारली गेली आणि व्रत पाळूनही तो नरकात गेला. नियमाला कवटाळणं म्हणजे धर्म नव्हे, हे कृष्णाचं सांगणं मलाही पटतं. मात्र कौशिकाने नियम वाकवायला हवा होता तो लपलेल्यांचा जीव वाचवायला. कुणाची पझेशनची तारीख गाठायला नव्हे.

आणि जीव वाचवायला केलेलं कामही लपवून चालतं का? न्यूयॉर्कचं ५९ मजली सिटीकॉर्प सेंटर १९७७ मध्ये उभं राहिलं. पुढच्याच वर्षी त्याचे स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझर यांच्या लक्षात आलं, की तिरक्या वाऱ्यापुढे सांधे कमी पडतील; वेल्डिंगऐवजी तिथे बोल्ट वापरले होते. त्यांनी स्वतः जाऊन मालकांना सांगितलं. रात्री-रात्री वेल्डर लावून सांध्यांवर पोलादी पट्ट्या बसवल्या गेल्या. इतकी हिंमत थोडेच दाखवतात. पण लोकांना खरा प्रकार कळला १९९५ मध्ये, एका साप्ताहिकातून. घबराट उडेल, हे कारण मी समजू शकतो. तरीही त्या इमारतीच्या सावलीत राहणाऱ्यांना न विचारता त्यांचा जीव पणाला लावला गेला होता. दुरुस्तीला पूर्ण मार्क, गुप्ततेला नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो: सूट द्यायची असेल तर कारणासकट साइट रजिस्टरमध्ये लिहा. त्या स्लॅबखाली जे कुटुंब झोपणार आहे, त्यांना ती नोंद वाचून दाखवायची तयारी असेल तर सही करा. नसेल, तर पेन खिशात ठेवा.