बीटा आवृत्ती आणि आदिकर्मिक

आपल्यात दोष आहेत हे जाहीर करूनच जी आवृत्ती लोकांच्या हाती दिली जाते, ती बीटा आवृत्ती. अल्फा चाचणी बनवणाऱ्यांच्या घरातच होते. बीटा चाचणीत तेच सॉफ्टवेअर बाहेरच्या माणसांच्या संगणकांवर जाते आणि ती माणसे आपले रोजचे काम करता करता त्यातले बग शोधून कळवतात. वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत ही पायरी टाळता येत नाही. कारण एकाच नावाची प्रणाली लाखो वेगवेगळ्या यंत्रांवर चालते. कोणाचा प्रिंटर बारा वर्षांचा, कोणाचा ड्रायव्हर भलत्याच कंपनीचा, कोणी 'डॉक्युमेंट्स'चा फोल्डर सी ड्राइव्हवरून उचलून डी ड्राइव्हवर ठेवलेला. प्रयोगशाळेत एवढे सारे संसार मांडता येत नाहीत.

यातून जो प्रश्न उभा राहतो तो तंत्राचा कमी आणि नीतीचा जास्त आहे. सदोष असल्याचे माहीत असलेली वस्तू दुसऱ्याला वापरायला देणे योग्य आहे का? आणि त्या वापरात नुकसान झाले, तर दोष कोणाच्या माथी?

पहिले उत्तर असे दिले जाते की दोष संपेपर्यंत थांबावे आणि मगच वस्तू बाहेर काढावी. हे उत्तर ज्ञानमीमांसेपुढे टिकत नाही. दोष संपले हे कळणार कशाने? एखादी गोष्ट नाही हे ज्ञान कसे होते, यावर भारतीय दर्शनांत जुना वाद आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैती यांनी त्यासाठी अनुपलब्धी (न आढळणे) हे स्वतंत्र प्रमाण मानले; नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच बसवले. पण एक अट दोघांनाही मान्य आहे. जमिनीवर घट दिसत नाही म्हणून घट नाही असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा तो असता तर नक्की दिसला असता. अंधारात घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सॉफ्टवेअरमधला दोष नेमका अंधारातल्या घटासारखा असतो. ठरावीक यंत्र, ठरावीक फाइल आणि ठरावीक क्रम जुळून आल्याशिवाय तो दिसण्याच्या योग्यतेचाच नसतो. चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते, नसल्याचे कधीच नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७०च्या सुमारास बजावले. मीमांसकांना ते ऐकून नवल वाटले नसते.

पाहणाऱ्याची योग्यताही यात येते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक पडद्यावर नीट उमटतो की नाही, हे मराठी न वाचणाऱ्या टेस्टरला कितीही तास बसवले तरी कळणार नाही. युनिकोडने 'आचाऱ्यांना'मधल्या अर्ध्या र-साठी 'ऱ' हे अक्षर वेगळे ठेवले आहे, पण एखाद्या फॉन्टने किंवा कीबोर्डने ते सांभाळले नाही, तर स्वयंपाक्यांना केलेली सूचना थेट गुरुजनांना पोचते. अशी चूक मराठी लिहिणाऱ्याच्याच हातात सापडते, आणि तीही त्याने ती वस्तू वापरल्यावर.

म्हणजे वापराआधी दोष कळत नाही आणि दोष कळल्याशिवाय वापराला देऊ नये असे वाटते. या पेचावरचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर संगणकाच्या फार आधीचे आहे. ते बौद्ध भिक्षुसंघाच्या विनयात, म्हणजे शिस्तीच्या नियमांत, सापडते. मुंबईच्या वाचकाला त्या संघाचे घर पाहायला लांब जावे लागत नाही. बोरीवली पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत गेले की सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारभर वर्षे तिथे भिक्षूंची वस्ती होती. तिथले तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. त्यातल्या काही खांबांना घट आणि प्राणिशिल्पांची शीर्षे कोरलेली आहेत, उरलेले खांब साधे अष्टकोनी राहिले आहेत. काम अर्धवट राहिले म्हणून पूजा अडली नाही. नंतरच्या शतकांत त्याच चैत्याच्या दर्शनी भागात उंच बुद्धमूर्तींची भर पडली.

कान्हेरीच्या शिलालेखांत भद्रायणीय या निकायाचे, म्हणजे पंथाचे, नाव येते. प्रत्येक निकायाचा विनय थोडा वेगळा होता. इथे आधार घेतला आहे तो थेरवाद्यांच्या पाली विनयपिटकाचा. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांच्या पुस्तकांमुळे हे साहित्य मराठीत सामान्य वाचकापर्यंत आले.

विनयपिटकाच्या आरंभी शिष्य सारिपुत्त बुद्धांना विनवतो की संघ दीर्घकाळ टिकावा म्हणून नियम आताच घालून द्या. बुद्ध नकार देतात. संघात दोष प्रकटल्याशिवाय शास्ता (गुरू) नियम घालून देत नाही, असे ते सांगतात. ज्यांना सर्वज्ञ म्हटले गेले, त्यांनीच आधी नियमांची पोथी लिहून ठेवली नाही, हे थबकून पाहण्यासारखे आहे. पुढे भिक्षूंचे २२७ नियम झाले. त्यांतल्या प्रत्येकाच्या मागे परंपरा एक घटना सांगते: कोणी काय केले, कोणाला खटकले, कोणी येऊन सांगितले. मग संघ जमतो, त्या भिक्षूला खरे-खोटे विचारले जाते आणि नियम ठरतो. तो नियम वापरात अडला की त्याला पुरवणी जोडली जाते. मूळ नियम म्हणजे प्रज्ञप्ती, पुरवणी म्हणजे अनुप्रज्ञप्ती.

स्नानाचा नियम याचा नमुना आहे. राजगृहाच्या तपोदा या उष्ण झऱ्यावर भिक्षू इतका वेळ नाहत बसले की डोके धुवायला आलेला राजा बिंबिसार वाट पाहत राहिला. अंधार पडला, नगराचे दरवाजे बंद झाले आणि मगधाच्या राजाला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. नियम झाला: पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये. मग उन्हाळा आला आणि भिक्षू घामेजल्या अंगाने झोपू लागले, पहिली पुरवणी. त्यामागून आजारपण, अंगमेहनत, प्रवास, वावटळ आणि पाऊस अशा सवलती एकेक करून जोडल्या गेल्या. एवढ्यानेही भागले नाही. अवंती-दक्षिणापथातून आलेल्या सोण कुटिकण्णाने निरोप आणला की तिकडचे लोक स्नानाला फार महत्त्व देतात. तेव्हा मध्यदेशाबाहेरच्या प्रांतांसाठी रोजच्या स्नानाला मोकळीक मिळाली. कान्हेरीत लेण्या-लेण्याशेजारी पाण्याची टाकी खोदलेली दिसतात. मुंबईच्या मे महिन्यात पंधरवड्याचा नियम कितपत चालला असता, याची कल्पना बोरीवलीकराला सांगायला नको.

ही पद्धत पॅच आणि अपडेटच्या इतकी जवळची आहे की साम्यावरच थांबण्याचा मोह होतो. पण खरा मुद्दा साम्यात नसून दोष कोणाचा या प्रश्नाच्या निकालात आहे. पहिल्या पाराजिकाची, म्हणजे सर्वांत गंभीर नियमांतल्या पहिल्याची, घटना सुदिन्न या भिक्षूची आहे. कुलाला वारस हवा या आईच्या हट्टापायी त्याने पूर्वाश्रमीच्या पत्नीशी संग केला. संघातून कायमचे बाहेर काढणारा नियम त्याच्यावरून झाला. बुद्धांनी त्याची कडक शब्दांत कानउघाडणीही केली. तरी त्या नियमाखाली तो दोषी ठरला नाही. विनयात जवळजवळ प्रत्येक नियमाच्या अखेरीस आदिकर्मिकाला आपत्ती (म्हणजे दोष) नाही असे येते. ज्याच्या हातून उणीव पहिल्यांदा उघडी पडली, तो आदिकर्मिक. त्याच्या कृतीला चांगले म्हटलेले नाही. तरीही व्यवस्थेतली उणीव दाखवून देण्याची किंमत त्याच्याकडून वसूल करायची नाही, असा हा न्याय आहे.

आजचा आदिकर्मिक म्हणजे बीटा टेस्टर. त्याच्या बाबतीत हा न्याय बहुधा उलटा चालतो. बीटा आवृत्ती उतरवताना 'मान्य आहे' वर क्लिक करून घेतले जाते आणि त्या मजकुरात नुकसानीची जबाबदारी वापरणाऱ्याची असते. संमती घेतली म्हणून हे निदान निभावते. उपसंपदा (पूर्ण दीक्षा) घेणारा भिक्षूही आपखुशीने संघात येत होता आणि संघाचे नियम सोडून परत जाण्याची वाट त्याला मोकळी होती. मायक्रोसॉफ्टने २०१४मध्ये सुरू केलेल्या विंडोज इनसाइडर कार्यक्रमात सामील होणारेही स्वेच्छेने येतात. संमतीचा आधार सुटतो तो दुसरीकडे: अपुरी तपासलेली गोष्ट तयार मालाच्या नावाने सर्वांच्या यंत्रांवर जाते तेव्हा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. ती फाइल टप्प्याटप्प्याने न पाठवता एकदम सगळीकडे गेली होती. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. त्यांना कोणी टेस्टर व्हाल का म्हणून विचारले नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. विंडोज १०ची ऑक्टोबर २०१८ची आवृत्ती २ ऑक्टोबरला बाहेर पडली आणि काही जणांच्या फाइली पुसल्या गेल्या. ज्यांनी आपले फोल्डर मूळ जागेवरून हलवले होते, त्यांच्यावर ही पाळी आली. काही दिवसांत वितरण थांबवावे लागले आणि १३ नोव्हेंबरला ते पुन्हा सुरू झाले. इनसाइडर टेस्टरांपैकी काहींनी ही तक्रार आधीच नोंदवली होती, पण तिला फारशी मते मिळाली नाहीत म्हणून ती गर्दीत बुडाली. नंतर तक्रारीबरोबर तिची गंभीरताही नोंदवण्याची सोय करण्यात आली. बिंबिसाराचे गाऱ्हाणे किती जणांना पटते, हे कोणी मोजले नव्हते. एका माणसाच्या तक्रारीत तथ्य आहे का, एवढेच पाहिले गेले. दोष किती जणांना भोवतो ही एक गोष्ट आणि तो किती खोल आहे ही दुसरी. मते मोजून फक्त पहिली कळते.

दुरुस्ती कधी थांबवावी, हा उरलेला प्रश्न. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध शिष्य आनंदाला सांगतात की आपल्यामागे संघाला वाटल्यास किरकोळ नियम काढून टाकावेत. किरकोळ म्हणजे कोणते, हे आनंदाने विचारले नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे संघाच्या सभेत, यावरून त्याला दोष दिला गेला. थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, मते जुळेनात. अखेर महाकाश्यपाच्या प्रस्तावावरून ठरले की नवे काही घालायचे नाही, आहे त्यातले काही काढायचे नाही. अधिकार मिळूनही तो वापरायचा नाही असे ठरवणे हाही एक निर्णयच होता. त्याचा ताण पुढे वैशालीत दिसला. शिंगात मीठ साठवण्यापासून सोने-रुपे स्वीकारण्यापर्यंतच्या दहा गोष्टींवरून तिथे वाद झाला.

सॉफ्टवेअरमध्ये असा गोठवण्याचा निर्णय डोनाल्ड कनूथ यांनी त्यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीबद्दल घेतला. १९९०पासून तिच्यात नवे काही येत नाही, फक्त चुका दुरुस्त होतात, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे एका अंकाने सरकतो. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक पाय करावा आणि उरलेल्या सर्व चुकांना गुणधर्म मानावे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. चूक प्रथम दाखवणाऱ्याचे बक्षीस त्यांनी २.५६ डॉलरवरून वाढवत ३२७.६८ डॉलरपर्यंत नेले. आदिकर्मिकाला दोष न देता बक्षीस देणारी ही विरळा व्यवस्था.

याउलट विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा चालू स्थितीतल्या असंख्य संगणकांवर ती प्रणाली तशीच राहिली. दुरुस्तीचा अधिकार मात्र कोणाकडेच सोपवला गेला नाही. मूळ कोड बंद असल्याने वापरणाऱ्यांनी एकत्र यायचे ठरवले तरी पुढची अनुप्रज्ञप्ती त्यांना लिहिता येत नाही. कनूथ यांची अट निराळी आहे. टेकमध्ये कोणीही हवा तो बदल करावा, फक्त त्याला टेक म्हणू नये. म्हणून पीडीएफटेक, झीटेक अशा शाखा आपापल्या नावांनी निघाल्या, आणि युनिकोड देवनागरीची थेट जुळणी करण्याची सोय मूळ टेकमध्ये नव्हती, ती झीटेकमध्ये झाली.